डब्यावरची तीन वाक्यं : ऑक्सिजन ब्लीचच्या दाव्याची चिकित्सा

"हट्टी डाग घालवतो. रंगाला धक्का लावत नाही. थंड पाण्यातही काम करतो." ऑक्सिजन ब्लीचच्या जवळपास प्रत्येक डब्यावर, शब्द थोडे इकडेतिकडे करून, हीच तीन वाक्यं असतात. "शोधनिबंधाची चिकित्सा करा असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं?" असं पेटची तयारी करणारे मला नेहमी विचारतात. आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि हा डबाच हातात घेऊ. निबंधात पद्धती, आकडे, मर्यादा असं सगळं निदान मांडलेलं तरी असतं. डब्यावर फक्त निष्कर्ष असतो. त्यामागचं सगळं तुम्हालाच उभं करावं लागतं, आणि चिकित्सा म्हणजे बरंचसं हेच काम.

आधीच सांगते, ही पावडर बोगस नाही. चहा, कॉफी, फळांचे रस, घामाने पिवळी पडलेली कॉलर यांवर ती चांगली चालते, आणि तिच्यामागचं रसायन शंभराहून जास्त वर्षं नीट समजलेलं आहे. माझं भांडण त्या तीन वाक्यांशी आहे. त्यांतून अटी गाळलेल्या आहेत, आणि ज्या गाळल्या नेमक्या त्यांच्यावरच आमच्या धर्माबादेतल्या बादलीत डाग निघणार की नाही हे ठरतं.

धर्माबाद माहीत नसेल तर: नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या हद्दीला लागून, रेल्वेने बासरच्या अलीकडचं स्टेशन. गाव मिरचीचं. आसपासची आणि तेलंगण-आंध्राकडची लाल मिरची इथल्या बाजारात येते, देठं खुडली जातात, पूड होते, पोती भरून बाहेर जाते. त्यामुळे इथे 'डाग' म्हटलं की चहाचा लवंडलेला कप डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो पदराला, बाहीला, लुंगीला बसलेला लाल-केशरी थर. त्यात लग्नसराई आली की हळद. हे दोन डाग डोक्यात ठेवून डबा वाचू.

सुरुवात नावापासून. या पावडरीतलं कामाचं द्रव्य म्हणजे सोडियम परकार्बोनेट. १८९९ मध्ये सेबास्टियन तानातार या रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा तयार केलं. नावावरून वाटतं, हे कुठल्या तरी 'परकार्बोनिक' आम्लाचं मीठ असावं. प्रत्यक्षात तसं काही नाही. धुण्याच्या सोड्याचे दोन रेणू आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे तीन रेणू स्फटिकात एकमेकांना धरून बसलेले असतात, इतकंच. पाण्यात टाकलं की दोघं सुटे होतात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता रेणुभार घेऊन हिशोब करा: वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश सोडा, एक तृतीयांशाला थोडा कमी पेरॉक्साइड. म्हणजे 'ऑक्सिजन' म्हणून विकत घेतलेल्या शुद्ध मालातही मोठा वाटा किराणा दुकानात मिळणाऱ्या धुण्याच्या सोड्याचाच. आणि बाजारातल्या डब्यात शुद्ध माल क्वचितच असतो. त्यात वरून आणखी सोडा, साबणासारखं काम करणारी द्रव्यं, सुवास, कधी रंगीत दाणे घातलेले असतात.

हे वाचून "म्हणजे फसवणूकच की" असं म्हणू नका. सोड्याचं तिथे काम आहे. पेरॉक्साइड स्वतः आळशी आहे. पाणी अल्कधर्मी झालं की त्याचा हायड्रोजन सुटतो आणि उरलेला ऋणभारित तुकडा डागाच्या रंगद्रव्यावर चालून जातो. सोड्यामुळे पाण्याचा पीएच साडेदहाच्या आसपास जातो आणि हे शक्य होतं. तेव्हा सोडा हवाच. फक्त तो किती आणि पेरॉक्साइड किती, हे डब्याने सांगायला हवं. काही डबे परकार्बोनेटचा टक्का छापतात, काही नुसतं 'ऑक्सिजनची ताकद' म्हणून मोकळे होतात. निवड करायची असेल तर माझा पहिला निकष हाच: टक्का छापलेला नसेल तर डबा परत फळीवर ठेवा. छापलेला असेल तर डब्याची किंमत भागिले पावडरीचं वजन असा भाव काढू नका. वजनाला टक्क्याने गुणून आत खरं परकार्बोनेट किती ग्रॅम आहे ते काढा आणि त्या ग्रॅमचा भाव काढा. मोठा, स्वस्त वाटणारा डबा या हिशोबात पुष्कळदा महाग पडतो.

आता बुडबुडे. जाहिरातीत पावडर पाण्यात पडली की फसफसतं, आणि त्या फेसाबरोबर डाग उडून जाताना दाखवतात. बघणाऱ्याला वाटतं, फसफसणं म्हणजेच डाग निघणं. वस्तुस्थिती उलटीच्या जवळ जाते. बुडबुडा म्हणजे पेरॉक्साइड फुटून तयार झालेला साधा ऑक्सिजन वायू. तो हवेत निघून गेला, डागाला त्याचा काही उपयोग झाला नाही. पाण्यात लोह, तांबं असे धातू असतील तर हे फुटणं आणखी जोरात होतं. म्हणजे गंजलेल्या पत्र्याच्या बादलीत सगळ्यात देखणा फेस येईल आणि सगळ्यात कमी डाग निघेल! फेसाचा एवढाच अर्थ घ्यायचा की पावडर अजून जिवंत आहे, ओल लागून मेलेली नाही. संशोधनाच्या भाषेत याला चुकीचा दर्शक म्हणतात: जे सहज दिसतं ते मोजायचं आणि जे हवं होतं ते मोजलं असं समजायचं. आपल्या सिनॉप्सिसमध्येही असे बुडबुडे असतात, एकदा शोधून बघा.

कोणता डाग?

'हट्टी डाग' हा शब्द डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो, आणि सगळ्यात कमी अर्थाचाही तोच आहे. कपडे धुण्याच्या यंत्रांची धुण्याची क्षमता मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०४५६. त्यात कापडाच्या पट्ट्यांवर ठरावीक मळ लावलेला असतो: त्वचेचं तेल आणि रंगकण, काजळी आणि खनिज तेल, रक्त, कोको, रेड वाइन. धुतल्यावर पट्टीवरून किती प्रकाश परावर्तित होतो ते यंत्राने मोजतात. ही पद्धत मला आवडते. माणसाच्या डोळ्यावर विसंबत नाही, मळ जगभर सारखा. पण यादी पुन्हा वाचा. ती कुणाच्या जेवणाच्या टेबलावरून उचललेली आहे? तिखटाचं तेल नाही, हळद नाही, पानाची पिचकारी तर नाहीच. मानक खोटं नाही. ते ज्या घरांसाठी लिहिलं त्या घरांसाठी बरोबर आहे. तिथला निकाल उचलून "आमच्याकडेही असंच होईल" म्हणणं ही वेगळी पायरी आहे, आणि तिला वेगळा पुरावा लागतो. कोर्सवर्कमध्ये 'बाह्य वैधता' असा जड शब्द येतो, तो याचसाठी.

मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिन या कॅरोटिनॉइड द्रव्याचा. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. पुडीतही मिरचीचं स्वतःचं तेल असतंच, आणि फोडणीतून उडालेला डाग असेल तर विचारायलाच नको. पेरॉक्साइड पाण्यात, रंग तेलात. दोघांची गाठच पडत नाही. म्हणून तिखटाच्या डागावर आधी तेल काढणारा साबण चोळायचा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचं, खंगाळायचं, आणि उरलेल्या केशरी झाकेवर मग ऑक्सिजन ब्लीच. थेट ब्लीचमध्ये बुडवून "काही फरक पडला नाही" म्हणणारे पावडरीवर अन्याय करतात. थेट बुडवा असं सांगणारा डबा मात्र तुमच्यावर करतो.

हळदीचं नाटक निराळं. कर्क्युमिन अल्कधर्मी पाण्यात लालभडक होतं. हळद लागलेल्या कपड्याला साबण लावल्यावर डाग कुंकवासारखा होतो, हे घराघरांत माहीत आहे. ऑक्सिजन ब्लीचचं पाणी अल्कधर्मी, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत डाग वाढल्यासारखा दिसणार. पाचव्या मिनिटाला फोटो काढला तर पावडर नापास, चार तासांनी काढला तर पास. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी ठेवले की आपण लगेच विश्वास ठेवतो. त्या दोन फोटोंमध्ये किती वेळ गेला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो. मिरचीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. रंग कॅप्सँथिनचा, तिखटपणा कॅप्सेसिनचा. व्यापाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं: रंग अ‍ॅस्टा एककांत वेगळा मोजतात, तिखटपणा वेगळा, ब्याडगी रंगासाठी घ्यायची, तेजा तिखटासाठी. कॅप्सेसिन रंगहीन असतं. तेव्हा मिरची खुडून आलेल्या बाईच्या पदरावरचा लाल डाग पांढरा झाला, यावरून पदरातलं तिखट गेलं असं म्हणता येत नाही. डोळ्याने पाहिलेला निकाल त्याबद्दल काहीच बोलत नाही. त्याच पदराने लेकराचं तोंड पुसलं तर आग होते, आणि त्या बाईच्या दृष्टीने 'कपडा स्वच्छ झाला' याचा अर्थ हाच आहे की आग होऊ नये. डाग राहिला तरी ती चालवून घेईल. ब्लीचच्या कुठल्याही चाचणीत रंग मोजतात, कारण रंग मोजणं सोपं आहे. कुणाला काय हवंय ते विचारून मग चल ठरवलं असतं, तर चल दुसरंच निघालं असतं. तुमच्यापैकी कुणी या भागातल्या मिरची कामगारांवर काम करायचं ठरवत असेल, तर इथे एक खरा प्रश्न मोकळा पडलेला आहे. तोवर साधी गोष्ट: कामावरचे कपडे वेगळ्या बादलीत, साबणाच्या दोन पाण्यांत, आणि लहान मुलांच्या कपड्यांत अजिबात मिसळायचे नाहीत.

थंड पाणी म्हणजे किती थंड?

जर्मनीत हेंकेल कंपनीने १९०७ मध्ये पर्सिल ही पावडर बाजारात आणली. तिच्यात ऑक्सिजन देणारं द्रव्य होतं परबोरेट. नावातला 'पर' त्याचा, 'सिल' सिलिकेटचं. परबोरेटला पाणी चांगलं तापलेलं लागतं. पण तिकडे कपडे उकळायची पद्धत होती, त्यामुळे अडलं नाही. पुढे याच कंपनीतल्या हेर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचं गणित एका वर्तुळात मांडलं: रसायन, तापमान, घासणं-आपटणं आणि वेळ. एक वाटा कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. वर्तुळ साधं आहे, पण डब्यावरच्या तिसऱ्या वाक्याला उत्तर त्यात आहे. थंड पाण्यात काम होतं, हो. कुठल्या वाट्याच्या बदल्यात, ते छापलेलं नाही.

परकार्बोनेट ४० ते ६० अंश सेल्सिअसला नीट चालतं. दर १० अंशांना अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट, हा बारावीतला ठोकताळा लावला, तर ६० अंशांना अर्ध्या तासात होणारं काम ३० अंशांना चार तास घेईल. हा ढोबळ अंदाज आहे, खरा आकडा डागागणिक बदलेल. पण दिशा बरोबर आहे. कमी तापमानासाठी काही पावडरींत टीएईडी नावाचं सहायक द्रव्य घालतात. ते पेरॉक्साइडशी मिळून पेरॅसिटिक आम्ल बनवतं आणि ते कमी तापमानालाही चपळ असतं. डब्याच्या मागे घटकांत ते दिसलं, तर 'थंड पाण्यात' या दाव्याला काही आधार आहे असं समजा. दिसलं नाही तर वेळ वाढवा.

'थंड पाणी' ही संज्ञाही एकदा तपासून घ्या. डिसेंबरात सकाळी बोअरचं पाणी आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी, दोन्ही आपल्याकडे 'साधं पाणी' या एकाच नावाने ओळखली जातात. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि दुपारी तीनला नळाखाली हात धरवत नाही. ते पाणी फुकटचं गरम पाणी आहे. गॅस जाळून बादली तापवायची ऐपत किंवा हौस नसेल, तर डागाळलेले पांढरे कपडे उन्हाळ्याच्या दुपारी भिजू घाला, हा माझा सल्ला कुठल्या डब्यावर सापडणार नाही. संशोधनात मात्र हीच सोय अडचण होते. एक पावडर जानेवारीत तपासली आणि दुसरी एप्रिलमध्ये, तर तुम्ही पावडरी नाही, महिने तपासलेत. थर्मामीटर घ्या, वहीत तापमान लिहा.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून: बोअरचं पाणी जड, पाठ्यपुस्तकातलं 'दुष्फेन'. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. अशा पाण्यात सोड्याचा काही भाग कॅल्शियमला पकडून चुन्यासारखा खाली बसण्यातच खर्च होतो, आणि तो साका कपड्यावर बसला की कपडा खरखरीत, राखट दिसतो. लोक म्हणतात ब्लीचने कपडा खराब केला. शेवटचं पाणी भरपूर घेऊन खंगाळणं, एवढाच त्यावर घरगुती इलाज.

प्रमाणाचा हिशोब मात्र करूनच बघा, कारण इथे सगळे चुकतात. समजा पावडरीत ३० टक्के परकार्बोनेट आहे आणि तुम्ही ३० ग्रॅम पावडर १० लिटरच्या बादलीत टाकली. परकार्बोनेट ९ ग्रॅम. बाजारातल्या मालातून वजनाच्या सुमारे २७ टक्के पेरॉक्साइड मिळतं, म्हणजे अडीच ग्रॅमला थोडं कमी. ते १० लिटरमध्ये, म्हणजे ०.०२४ टक्के. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळतं ते ३ टक्के असतं, त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आता तीच ३० ग्रॅम पावडर ३ लिटर पाण्यात टाका: ०.०८ टक्के. शुद्ध परकार्बोनेट ३० ग्रॅम घेऊन १० लिटरमध्ये टाकलं असतं तरी जवळपास एवढंच झालं असतं. एका शर्टासाठी किंवा पोलक्यासाठी तीन लिटर पुष्कळ होतं. म्हणजे महागड्या डब्याने जे साधणार होतं ते लहान टोपलं वापरून साधलं. फक्त टोपलं प्लॅस्टिकचं हवं, पावडर आधी पूर्ण विरघळलेली हवी आणि हातात मोजे हवेत. पीएच साडेदहाचं पाणी रोज हाताला लागलं की कातडी सोलते, आणि ही पावडर डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते.

तुलना कुणाशी?

एमएस्सीच्या प्रकल्पांत 'घरगुती शुभ्रकांचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय फार आवडता. पांढऱ्या कापडाचे तीन तुकडे, त्यावर चहा, तीन कंपन्यांच्या पावडरी, उन्हात वाळवणे, डोळ्याने पाहून 'उत्तम, मध्यम, साधारण' असा तक्ता. आता वर वाचलंत त्यावरून यातलं भगदाड तुम्हाला दिसत असेल. पावडरीत दोन तृतीयांशाहून जास्त सोडा आहे, तर नुसत्या पाण्याशी तुलना करून काय उपयोग? तुलना हवी ती साबण अधिक सोड्याशी. मगच कळेल की पेरॉक्साइडने वेगळं काय दिलं. वाळवलं कुठे? हळद उन्हात विटते, तिखटाचा रंगही विटतो; आजी हळदीचा डाग साबणाने धुऊन दोरीवर दोन दिवस टाकायची ते याचसाठी. मराठवाड्याच्या उन्हात वाळवलेला प्रत्येक तुकडा अर्धा उन्हाने स्वच्छ केलेला असतो आणि श्रेय पावडर घेऊन जाते. म्हणून तुकडे दुप्पट करा: अर्धे उन्हात, अर्धे खोलीत दाराआड.

डोळ्याचंही असंच. केरळात १९८३ साली सुरू झालेल्या उजालाने घराघरांत नेलेली जांभळी नीळ डाग काढत नाही; पिवळेपणावर जांभळट छटा चढवून तो लपवते. धुण्याच्या पावडरींमधली चकाकी आणणारी द्रव्यं उन्हातली अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश सोडतात. डाग तिथेच असतो, आपण 'पांढरंशुभ्र' म्हणतो. मोबाइलने फोटो काढणार असाल तर निदान एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, शेजारी कोऱ्या कापडाचा तुकडा ठेवून काढा.

पावडरीची ताकद मोजायला मात्र महागडं यंत्र लागत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परमँगनेटचं टायट्रेशन सगळ्यांनी केलेलं आहे. आम्ल केलेल्या द्रावणात ०.०२ मोलरचं पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. त्याचा दर १ मिलिलिटर म्हणजे १.७ मिलिग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड. गुलाबी झाक टिकली की थांबायचं. सुवास आणि साबणद्रव्यंही थोडं परमँगनेट खातात, म्हणून बाजारातल्या पावडरीवर आयोडिनचं टायट्रेशन करून ताळा घ्यावा. नवा डबा आणि पावसाळाभर अर्धवट झाकण लावून ठेवलेला डबा, अशी जोडी तपासा. ओल्या चमच्याचा परिणाम आकड्यात दिसेल.

दुसरं वाक्य राहिलं, रंगाचं. 'रंगाला धक्का लावत नाही' याचा प्रामाणिक अर्थ: क्लोरीनच्या ब्लीचपेक्षा कमी लावतो. पक्क्या रंगाच्या सुती कपड्याला सहसा काही होत नाही. कच्चा रंग सुटतो, पण बऱ्याचदा तो ऑक्सिजनमुळे नाही, सोड्यामुळे. आतल्या शिवणीवर एकीकडे नुसत्या सोड्याचं पाणी आणि एकीकडे ब्लीचचं पाणी लावून पाहिलं की गुन्हेगार सापडतो. रेशीम आणि लोकर यांच्या बाबतीत तपासायचंही नाही. ते प्राण्यांचे प्रथिनाचे धागे, सोड्याने त्यांची वाट लागते. जरीत धातू असतो. पैठणी किंवा घोंगडं या पाण्यात घातलं तर डागापेक्षा मोठं दुखणं होईल.

घरगुती 'उपायां'च्या व्हिडिओंवर दोन शब्द, कारण तिथे चिकित्सा जिवाशी येते. व्हिनेगर किंवा लिंबू आणि ऑक्सिजन ब्लीच एकत्र, ही जोडी फार फिरते. आम्लाने सोडा मरतो, पीएच उतरतो आणि पेरॉक्साइड पुन्हा आळशी होतं. फसफस मात्र झकास होते, ती कार्बन डायऑक्साइडची. क्लोरीनचं ब्लीच आणि ऑक्सिजन ब्लीच एकत्र केलं तर दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे मीठ, पाणी आणि वायू उरतो. आणि क्लोरीनचं ब्लीच संडास साफ करायच्या आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो; बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. ऑक्सिजन ब्लीचचं उरलेलं द्रावण बाटलीत भरून घट्ट झाकण लावू नका. वायू साचत जातो आणि बाटली फुटते. लागेल तेवढंच करायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

कुठे ओतायचं, हे सांगते. डब्यावर पानाचं हिरवं चित्र असतं आणि "पाणी, ऑक्सिजन आणि नैसर्गिक सोडा यांतच विघटन" अशी ओळ असते. ओळ खरी आहे. पण शुद्ध परकार्बोनेटमध्ये वजनाने २९ टक्के सोडियम असतं, आणि ते कुठेही विघटित होत नाही. उन्हाळ्यात पाणी वाया जाऊ नये म्हणून धुण्याचं पाणी परसातल्या कढीपत्त्याला, लिंबाला घालायची आपल्याकडे पद्धत आहे. काळ्या मातीत सोडियम साचत गेलं की तिचे कण सुटतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ती दगडासारखी होते. शेतकरी तिला चोपण म्हणतात. तेव्हा भिजवलेलं पहिलं पाणी नालीत, आणि झाडाला घालायचंच असेल तर शेवटच्या खंगाळण्याचं.